कोकणात प्रयोग उभा राहतो तो कुणाच्या पैशावर?

स्वतंत्र कलाकाराला नियोजन, निधी आणि निर्मितीत हात देणं हे आता एक वेगळं काम मानलं जातं. त्याच्या कार्यशाळा होतात, अर्ज लिहून देणारे सल्लागारही भेटतात. कोकणात हे काम जुनंच आहे, ते करणाऱ्या माणसाची नावं तेवढी वेगळी होती: नाटक मंडळीचा मालक, देवस्थानचा मानकरी, मुंबईतल्या गावमंडळाचा खजिनदार. आजच्या योजना इथल्या कलाकाराच्या अंगाला नीट का बसत नाहीत, याचं उत्तर बरंचसं या जुन्या व्यवहारात सापडतं.

दशावतार या रात्रभराच्या लोकनाट्यापासून सुरुवात केलेली बरी, कारण हिशेब तिथे सगळ्यात उघडा दिसतो. कार्तिकात त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमाराला तळकोकणात, म्हणजे सिंधुदुर्गाच्या बाजूला, जत्रा सुरू होतात आणि वैशाखापर्यंत चालतात. कुठल्या देवळाच्या जत्रेत कुठल्या मंडळीने नाटक करायचं हे अनेक ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. त्यामुळे पारंपरिक मंडळीला हंगाम सुरू होण्याआधीच आपल्या काही रात्री पक्क्या माहीत असत. आजच्या भाषेत ही आगाऊ मागणी. तिच्या भरवशावर मालक दहा-पंधरा माणसं बांधून घेई, पावसाळ्यात उचल देई, कपड्यांचे पेटारे दुरुस्त करून घेई. देवस्थानकडून मान, शिधा, नारळ आणि ठरलेली रक्कम मिळे, आरतीच्या ताटात सुटे पैसे पडत. आधी आडदशावतार हा पूर्वरंग, मग आख्यान म्हणजे मुख्य पौराणिक नाटक, पहाटे दहिकाल्याने समारोप, आणि पेटारा पुढच्या गावाला. नेपथ्य जवळजवळ नाहीच: एक बाकडं, मागे पडदा, पायपेटी, पखवाज, झांज. खर्चाचा मोठा वाटा माणसांवर आणि वाहतुकीवर. संवाद उत्स्फूर्त, म्हणजे संहितेवर पैसा नाही आणि तालमीवरही फारसा नाही. कमी भांडवलात रोज नवा प्रयोग काढायची ही पद्धत इतकी घट्ट बसलेली होती की नंतर आलेल्या कुठल्याही योजनेला तिची बरोबरी करता आलेली नाही, असं आमचं मत आहे.

उत्तरेकडे, रत्नागिरीच्या बाजूला, हिशेब निराळा. शिमग्यात खेळे आणि संकासूर ही सोंगं घरोघर फिरतात, पोस्त म्हणजे घरटी बक्षिसी गोळा होते. नमन हे लोकनाट्य आणि जाखडी हा नाच, ही वाडीची कामं. खर्च वाडीवर वाटला जातो आणि कपडेपट वाडीच्या मालकीचा असतो. इथे मालक नाही, म्हणून नफा नाही आणि एकट्यावर कर्जही नाही. मात्र एखाद्याला स्वतःच्या मनाने नवं काही करायचं असेल, तर त्याला या रचनेत जागा नव्हती. स्वतंत्र कलाकार ही कल्पनाच या व्यवहाराबाहेरची.

दरबारी आश्रयाचं उदाहरण सावंतवाडीचं. पिंगुळीच्या ठाकर समाजातल्या, चित्रं दाखवत कथा सांगणाऱ्या चित्रकथीकारांना या संस्थानचा आश्रय होता आणि ठरलेल्या देवळांत कथा सांगण्याचा हक्क होता. गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, ही मात्र वस्तू होती, तिला गिऱ्हाईक लागे. दशावतारी गंजिफेचा संच १२० पानांचा: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पानं. कागदाचे किंवा कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, सुकवायचे, गोल कापायचे, दगडाने घोटायचे, रंगवायचे आणि वरून लाखेचा हात द्यायचा. म्हणजे पहिलं पान विकलं जाण्याआधी सगळं सामान आणि कित्येक दिवसांची मजुरी अडकून पडते, आणि पावसाळी दमट हवेत खळ सुकत नाही ती वेगळीच अडचण. छापील पत्ते स्वस्त झाल्यावर मागणी आटली. १९७०च्या दशकात शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच काम सुरू केलं तेव्हा ही विद्या जाणणारे थोडेच वयस्कर चितारी उरले होते. राजवाड्याने केलं ते साधं होतं: बसायला जागा दिली, सामान पुरवलं, नव्या मुलांना शिकवलं आणि झालेला माल विकायची जबाबदारी स्वतःकडे घेतली. कलाकाराला रोजचं काम, विक्रीचा धोका मात्र दुसऱ्याच्या डोक्यावर. हस्तकलेला मदत करणाऱ्या अनेक योजना प्रशिक्षण देऊन थांबतात आणि नेमका हा शेवटचा भाग सोडून देतात.

तिकिटाचा पैसा मराठी नाटकात कसा आला ती गोष्ट कोकणाच्या दक्षिण टोकापलीकडून सुरू होते. उत्तर कन्नड किनाऱ्यावरच्या कर्कीच्या भागवत मंडळींचे खेळ पाहून सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना तसंच काही मराठीत करायला सांगितलं, आणि १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ झालं. खर्च दरबाराचा. १८५१ मध्ये चिंतामणराव वारले आणि आश्रय सुटला. भावे मंडळी घेऊन दौऱ्यावर निघाले, १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या थिएटरात त्यांनी तिकीट लावून खेळ केले. तिकिटाची ही वाट पुढे संगीत नाटक मंडळ्यांनीही धरली आणि १९३०च्या दशकात बोलपट आल्यावर त्यांतल्या बऱ्याच कर्जात बुडाल्या. दशावतारी मंडळ्या त्या लाटेत वाचल्या, कारण त्यांचा पैसा तिकीट खिडकीवर नव्हता.

विसाव्या शतकात कोकणी कलेचा मोठा पैसा कोकणात नव्हताच, तो मुंबईच्या गिरणगावात होता. परळ, लालबाग, भायखळ्याच्या चाळींतून गावागावांची मंडळं उभी राहिली. शक्ती आणि तुरा या दोन पक्षांचे गाण्या-नाचाचे सामने, दोन बुवांत रंगणारी डबलबारी भजनं, गावाच्या शाळेसाठी नाहीतर देवळासाठी लावलेले मदतीचे प्रयोग. पद्धत ठरलेली होती: परळच्या दामोदरसारखं नाट्यगृह धरायचं, तिकिटांची पुस्तकं सभासदांत वाटायची, ज्याने जेवढी नेली तेवढ्यांचा हिशेब त्याने द्यायचा. प्रयोगाआधीच निम्मा पैसा हातात येई. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ १९५३ मध्ये आलं, त्याच्या नाट्यस्पर्धांनी गिरणीतल्या हौशी नटांना रंगमंच दिला. १९८० मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘वस्त्रहरण’ने मालवणी बोलीला व्यावसायिक नाटकाचं गिऱ्हाईक मिळवून दिलं, त्यामागे या प्रेक्षकाचा मोठा आधार होता. मग १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. पगार थांबले, माणसं गावाला परतली किंवा उपनगरात पांगली आणि पुस्तकं खपवणारी साखळी तुटली. मंडळं आजही आहेत; पण दादर-परळला तिकीट घेऊन विरार-बदलापूरला परतायचं तर शेवटची लोकल आड येते. म्हणून प्रयोग आता रविवारी दुपारी ठेवतात.

सरकारी पैशाची सुरुवात स्पर्धेतून झाली. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या हौशी संस्थांना तिने शिस्त लावली: छापील प्रवेशअर्ज, लेखकाचं परवानगीपत्र, संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र. दशावताराची पंचाईत नेमकी इथे होते. कागदावर संहिताच नसते, मग अर्जाला जोडायचं काय? बहुतेक जण कथासार लिहून जोडतात. तेवढ्यावर थांबू नये. पात्रयादी, प्रवेशांचा क्रम, अंदाजे वेळ आणि आधीच्या प्रयोगाचं न कापलेलं चित्रीकरण सोबत दिलं, तर समितीला संहितेशिवायही खेळाचा अंदाज येतो.

केंद्राकडून येणाऱ्या पैशात संस्कृती मंत्रालयाची शिष्यवृत्ती एकट्या कलाकाराला सगळ्यात उपयोगी. २५ ते ४० वयोगटाला कनिष्ठ, महिना १०,००० रुपये. चाळिशीपुढे वरिष्ठ, महिना २०,०००. मुदत दोन वर्षं, रक्कम सहामाही हप्त्यांत, पुढचा हप्ता मागचा अहवाल मंजूर झाल्यावर. प्रयोगासाठीचं अनुदान मात्र बहुतेक ठिकाणी संस्थेलाच मिळतं, आणि इथे कोकणातल्या निम्म्या अडचणी सुरू होतात.

नोंदणी १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली. संस्थेला किमान सात सभासद लागतात, ते गावात मिळतात. अडतं ते नंतर. अध्यक्ष वारतात, सचिव मुंबईला जातो, नवी कमिटी निवडली जाते, पण बदल अर्ज ९० दिवसांत सहायक धर्मादाय आयुक्तांकडे जात नाही. दहा वर्षांनी अनुदानाचा अर्ज भरायला घेतला की शेड्यूल वनवर, म्हणजे विश्वस्तांच्या सरकारी नोंदीच्या उताऱ्यावर, तीन नावं मृत माणसांची. बँक सही बदलून देत नाही, अनुदान देणारा उतारा मागतो. मग मधल्या प्रत्येक कमिटीचा बदल अर्ज क्रमाने मंजूर करून घ्यावा लागतो, त्यात एखादा हंगाम सहज जातो. मदत करणाऱ्याने म्हणून सगळ्यात आधी उतारा मागवावा, प्रकल्पाची कल्पना नंतर ऐकावी. रसिकतेला हे जरा कोरडं वाटेल, पण काम इथेच अडतं.

कंपन्यांच्या सीएसआरचं, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीचंही तसंच. २०१३ च्या कंपनी कायद्याने ५०० कोटी निव्वळ मालमत्ता, १,००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी नफा असलेल्या कंपनीला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावले. पारंपरिक कला त्या यादीत आहेत. रोहा, महाड, लोटे-परशुरामच्या कारखानदारीमुळे कोकणात आशा वाढल्या. पण संस्थेला पैसा मिळायचा तर तिच्याकडे आयकर खात्याची १२-अ आणि ८०-जी या नावांनी ओळखली जाणारी नोंदणी हवी, आणि १ एप्रिल २०२१ पासून कंपनी व्यवहार मंत्रालयाकडच्या सीएसआर-१ नोंदणीचा क्रमांकही. एकट्या चित्रकाराला हे दार बंदच. तो नोंदणीकृत संस्थेच्या छत्राखाली जातो. तेव्हा लेखी ठरवायच्या गोष्टी: पैसा वेगळ्या खात्यात राहील की वेगळ्या शीर्षाखाली, संस्था व्यवस्थापनाचे किती टक्के घेईल, बिलं कुणाच्या नावाने होतील, लेखापरीक्षणाची फी कुणी द्यायची. बिलं कलाकाराच्या नावाने आली तर ती संस्थेच्या हिशेबात बसत नाहीत. भांडणं बहुतेक यावरूनच होतात. वर्गणी काढायची असेल आणि संस्था नोंदलेली नसेल तर गणेशोत्सव मंडळं घेतात तशी त्याच १९५० च्या कायद्याच्या कलम ४१-क ची परवानगी धर्मादाय आयुक्तांकडून लागते का, ते पावती पुस्तक छापण्याआधी विचारून घ्यावं.

खरी ओढाताण कॅलेंडरची आहे. सरकारी वर्ष ३१ मार्चला संपतं, पैसा कसा खर्च झाला ते सांगणाऱ्या विनियोग प्रमाणपत्राची घाई त्याच सुमाराला, आणि शिमगा बहुधा मार्चातच. माणसं पालखीत आणि खजिनदार बिलं शोधत! नवं नाटक बसवायचं तर मृगाआधी संहिता आणि परवानग्या, पावसात तालीम, गणपतीत मुंबईकर गावी असताना एक प्रयोग आणि दिवाळीनंतर दौरा, हा क्रम इथे चालतो. अनुदान मात्र जानेवारीत मंजूर झालं तर खर्चाला अडीच महिने उरतात. समजा ३,००,००० रुपये मंजूर आहेत आणि पहिला हप्ता ६० टक्के, म्हणजे १,८०,०००. पहिल्या प्रयोगापर्यंत साधारण ८५ टक्के खर्च झालेला असतो, म्हणजे २,५५,०००. मधले ७५,००० पूर्वी मालक उचल म्हणून घाली. आता ते पतपेढीतून किंवा सोनं ठेवून येतात, आणि व्याज अंदाजपत्रकात दाखवता येत नाही. म्हणून नेपथ्य आणि कपडेपट दोन टप्प्यांत करावा, आणि दुसऱ्या हप्त्याच्या भरवशावर कुणालाही तारीख देऊ नये.

अंदाजपत्रकात हमखास राहून जातो तो तालमीचा प्रवास. शेवटची एसटी लवकर सुटते, रात्री दहाला तालीम संपली की वाड्यावाड्यांत सोडायला गाडी लागते. चाळीस तालमींचा तो आकडा कधीकधी नेपथ्याच्या वर जातो. दुसरं वीज. हजार वॅटचे बारा दिवे म्हणजे १२ किलोवॅट, देवळाच्या सिंगल फेज जोडणीला ते झेपत नाही. ०.८ पॉवर फॅक्टरने १५ केव्हीए (जनरेटरची क्षमता मोजायचं एकक) होतात, ध्वनी धरून २० केव्हीएचा जनरेटर मागवावा लागतो. त्याऐवजी दीडशे वॅटचे बारा एलईडी घेतले तर १.८ किलोवॅटमध्ये भागतं, भाडं थोडं जास्त असलं तरी डिझेल वाचतं. तिसरं वेळ. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद; राज्य सरकार वर्षात फार तर १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. रात्रभराच्या खेळाला हा मोठा कात्रीचा घाव आहे. बाहेरगावच्या प्रयोगाची तारीख त्या यादीत आहे का, ते बयाणा घेण्याआधी पाहावं.

कराच्या बाबतीत एक सवलत अनेकांना माहीत नसते: लोककला किंवा शास्त्रीय संगीत, नृत्य, नाट्य सादर करणाऱ्या कलाकाराचं मानधन एका प्रयोगाला १,५०,००० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही.

गेल्या काही वर्षांत दशावताराची अख्खी नाटकं यूट्यूबवर जाऊ लागली आणि नवा प्रश्न उभा राहिला. आयोजक कॅमेरा लावतो, चॅनल त्याचं, पाहणारे लाखांत, नटाला मात्र त्या रात्रीची नाइट, म्हणजे एका प्रयोगाचं मानधन, तेवढी. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३८ ने सादरकर्त्याला आपल्या प्रयोगावर ५० वर्षांचा हक्क दिला आहे. उत्स्फूर्त संवादांच्या खेळात तर बोलणारा नटच त्या शब्दांचा कर्ता ठरू शकतो. बयाणा घेताना करारात दोन ओळी वाढवाव्यात: चित्रीकरण करायचं का, आणि केलं तर किती मिनिटांचं, कुठे, किती काळ दाखवायचं व त्याची वेगळी रक्कम किती. रक्कम ठरत नसेल तर दहा मिनिटांच्या वर चित्रीकरण नाही, असं लिहून घ्यावं आणि त्याची प्रत प्रयोगाच्या दिवशी कॅमेरावाल्याच्या हातात द्यावी, कारण आयोजकाने त्याला ते सांगितलेलं नसतं.