पळस फुलला की छप्पर आणि सांदवाडी

माळावरचा पळस पाने झडून केशरी फुलांनी भरला आणि अंगणातल्या कडुलिंबाची पिवळी पाने झाडून झाडून हात दुखू लागले, की आमच्या वर्धा जिल्ह्यातील गावांत घरदुरुस्तीची आणि सांदवाडीची, म्हणजे घरामागच्या परसबागेची, कामे निघतात. पंचांगात वसंत ऋतू चैत्र-वैशाखाचा असला, तरी विदर्भात वैशाखात पारा 45 अंशांच्या आसपास पोहोचलेला असतो. त्यामुळे आमच्या वाट्याला येणारा वसंत हा माघाच्या अखेरीपासून फाल्गुन संपेपर्यंतचा, जेमतेम पाच-सहा आठवड्यांचा असतो. या दिवसांत कोणते काम आधी करावे आणि का, याचे उत्तर सूर्य, माती आणि पाणी यांच्या वागण्यात सापडते.

सुरुवात छपरापासून करावी. डिसेंबरच्या अखेरीस आपल्याकडे भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे, क्षितिजापासून सुमारे 46 अंशांवर असतो, म्हणून हिवाळ्यात दक्षिणेची भिंत चांगली तापते. 21 मार्चच्या सुमारास, दिवस आणि रात्र जवळपास सारखे होतात तेव्हा, तो 69 अंशांवर येतो आणि मे महिन्याच्या चौथ्या आठवड्यात थेट डोक्यावर. म्हणजे जसजसे दिवस जातात, तसतसे दुपारचे ऊन भिंतीवरून सरकून छपरावर चढत जाते. स्लॅबच्या घराला उन्हाळ्यापूर्वी एकच काम करणे शक्य असेल, तर भिंतींच्या रंगापेक्षा स्लॅबवरचा चुना मी आधी करीन, कारण पांढरा थर ऊन परत फेकतो आणि काळपट सिमेंट ते शोषून रात्रभर खोलीत सोडत राहते. कवेलूंच्या, म्हणजे कौलांच्या, घराला याची गरज नाही. एकावर एक सैल बसलेल्या कवेलूंच्या फटींतून गरम हवा आपोआप वर निघून जाते.

चुन्याचे काम फाल्गुनातच उरकण्याला रासायनिक कारण आहे. यवतमाळ जिल्ह्यात वणीजवळच्या राजूरसारख्या ठिकाणी चुनखडी भट्टीत भाजली, की तिच्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. हे खडे पाण्यात टाकताच ते फुगतात, तडकतात, पाणी खदखदू लागते आणि पिंपाला हात लावता येत नाही इतकी उष्णता बाहेर पडते. म्हणून भरपूर पाण्यात थोडे थोडे खडे टाकावेत, खड्यांवर पाणी कधीही ओतू नये, आणि डोळे जपावेत, कारण चुन्याचा एक शिंतोडाही डोळ्याला कायमची इजा करू शकतो. छपरावर दिलेला हा विरलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत घेतो आणि पुन्हा चुनखडीसारखा घट्ट होतो. मात्र या क्रियेला थोडी ओल लागते. मे महिन्यात थर तासाभरात कोरडा पडतो, क्रिया अर्धवट राहते आणि हात फिरवला की भुकटी निघते. फाल्गुनात, स्लॅब आधी ओला करून संध्याकाळी दिलेला चुना टिकतो.

पिंपात उरलेले चुन्याचे पाणी मात्र सांदवाडीत ओतू नये. पश्चिम विदर्भाची काळी माती बेसॉल्ट खडकापासून बनलेली, मुळातच अल्कधर्मी आणि चुनखडीयुक्त असते. तिच्यात चुना आणखी वाढला, तर जमिनीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही, आणि कोवळी पाने पिवळी पडून फक्त शिरा हिरव्या राहतात. पुष्कळदा हा रोग समजून त्यावर फवारणी केली जाते.

ही काळी माती जरा जवळून पाहण्यासारखी आहे. तिच्यातील चिकणमातीचे कण वहीच्या पानांसारख्या अतिसूक्ष्म थरांचे असतात. ओल मिळाली की पाणी या पानांच्या मध्ये शिरते आणि माती फुगते. वाळली की पाने जवळ येतात, माती आकसते आणि भेगा पडतात. मार्चच्या सुरुवातीला वाफ्यात दिसणारी केसाएवढी भेग मे महिन्यात हात जाईल इतकी रुंद होते. तिच्यातून खालच्या थरातली ओलही उडून जाते, आणि वरून दिलेले पाणी मुळांना चुकवून थेट खोल उतरते. म्हणून भेग बारीक असतानाच खुरपीने वरची दोन बोटे माती मोकळी करून ती बुजवावी आणि लगेच आच्छादन घालावे. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या धानपट्ट्यातील जमिनी वेगळ्या आहेत, तिथे भेगांचा हा त्रास इतका नसतो.

आच्छादनाला आमच्याकडे सोयाबीनचे किंवा गव्हाचे कुटार मुबलक असते आणि कडुलिंबाचा पाला तर अंगणातच पडलेला असतो. वेलींच्या मांडवासाठी तुराट्या घ्याव्यात. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्या, हाताशी असली तरी ती घराजवळ रचून ठेवू नये, कारण तिच्यावर राहिलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत उन्हाळा काढते आणि पुढच्या हंगामातील कपाशीवर उतरते. सांदवाडीच्या चार वेलींसाठी शेजाऱ्याच्या शेताचे नुकसान करणे मला पटत नाही.

बी टाकताना हवेपेक्षा मातीच्या उबेकडे लक्ष द्यावे. भेंडी 25 ते 35 अंश तापमानाच्या मातीत चांगली उगवते; थंड, ओल्या मातीत तिचे बी कुजते. टरफल कठीण असल्याने बी रात्रभर भिजवून लावावे. बरबटी (चवळी), ढेमसे, दोडका, काकडी यांनाही हीच ऊब लागते. सांभार, म्हणजे कोथिंबीर, मात्र आता उशिराचा. ऊन वाढले की पाने धरण्याऐवजी तो लगेच फुलावर जातो.

पाणी कमी असेल, तर वाफ्याच्या मधोमध बिनझिलईचे मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरावे, भरावे आणि झाकावे. भोवतालची माती कोरडी असेल तेव्हा ती मडक्याच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी ओढून घेते, आणि ओली झाली की ओढ कमी होते, त्यामुळे पाण्याचे प्रमाण झाडाच्या गरजेप्रमाणे आपोआप ठरत जाते. पृष्ठभाग कोरडाच राहत असल्याने पाणी उन्हात उडत नाही आणि तणही कमी उगवते.

एप्रिलमध्ये सगळ्यांची एक तक्रार असते की वेलाला फुले खूप येतात, पण फळ धरत नाही. या वेलींवर नर आणि मादी फुले वेगवेगळी असतात. आधी नर फुले येतात, आणि उष्णता वाढली की त्यांचेच प्रमाण जास्त राहते. मादी फूल ओळखणे सोपे आहे, त्याच्या खाली बोटाच्या पेराएवढे इवलेसे फळ आधीच असते. फळ धरायला नर फुलातले पराग मादी फुलावर पोहोचावे लागतात. काकडीची फुले सकाळी उमलतात, त्यामुळे मधमाश्या ते काम करतात. दोडका आणि लौकीची (दुधी भोपळ्याची) फुले मात्र संध्याकाळी उघडतात, जेव्हा मधमाश्या परतलेल्या असतात, आणि तेव्हा पतंग आले नाहीत तर फळ धरत नाही. अशा वेळी दिवेलागणीला ताजे नर फूल तोडून, त्याच्या पाकळ्या मागे दुमडून, मधले पिवळे पराग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवावेत. चार-पाच दिवसांत ते इवलेसे फळ पिवळे पडून गळून न जाता ताठ आणि हिरवे राहिले, तर फळ धरले असे समजावे.