मनगटावरचं पोवळं आणि लोणच्याची लिंबं

मावशीच्या पोवळ्यांच्या पोचीचं पाणी उतरलं. पोची तिच्या सासूबाईंची, दोन पिढ्या वापरातली, आणि तिच्या तकाकीवर घरात सगळ्यांचाच डोळा. गेल्या उन्हाळ्यात मात्र त्यातले पाच-सहा मणी एकाएकी खडूसारखे दिसायला लागले. मावशीने ते साबणाने धुतले, मग टूथपेस्ट लावून घासले, तसे ते आणखीच पांढुरके झाले. ‘सासूबाईंना सराफाने फसवलं होतं बघ,’ असा निकाल देऊन तिने पोची माझ्यापुढे ठेवली. मी विचारलं, लिंबाचं लोणचं कधी घातलंस? त्याच आठवड्यात. सोन्याच्या बांगड्या तिने आठवणीने काढून ठेवल्या होत्या. पोची हातातच होती.

पोवळी खोटी नव्हती. खोटी, म्हणजे प्लॅस्टिकची असती, तर लिंबाने त्यांचं काहीच बिघडलं नसतं.

खडूची उपमा मावशीला सहज सुचली, पण ती अगदी नेमकी आहे. खडूचा दगड, शिंपला, अंड्याचं कवच, संगमरवर आणि पोवळं हे सगळं मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. (शाळेतला खडू बहुतेकदा जिप्समचा असतो, तो यात नाही.) कार्बोनेटवर आम्ल पडलं की ते विरघळतं आणि कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. लिंबाच्या रसाचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, दोन-अडीचच्या घरात असतो (हा आकडा जितका लहान, तितकं आम्ल तीव्र). शिवाय त्यातलं सायट्रिक आम्ल कॅल्शियमला धरून ठेवतं, त्यामुळे काम आणखी सोपं. मण्याची चकाकी म्हणजे तरी काय, तर अतिशय सपाट घासलेला पृष्ठभाग. त्यावर केसाच्या जाडीहूनही कितीतरी लहान खड्डे पडले, की प्रकाश एका दिशेने परतण्याऐवजी चौफेर विखुरतो आणि डोळ्याला ते पांढुरकं दिसतं. रंग आत जिथल्या तिथेच असतो.

हे पोवळं आपल्या किनाऱ्यावरचं नव्हे. दागिन्यांतलं अस्सल लाल पोवळं, ‘कोरालियम रुब्रम’, भूमध्य समुद्रातलं. प्रवाळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लक्षद्वीपची उथळ, उन्हात न्हालेली बेटं येतात. ते प्रवाळ आपल्या शरीरात शैवाल सांभाळतात आणि त्यांच्या उन्हावर बनलेल्या अन्नातला वाटा खातात. लाल पोवळ्याला असा भाडेकरू नाही. ते अंधारात राहतं, कपारींच्या छताला, गुहांच्या तोंडाशी, दहा-वीस मीटरपासून थेट शेकडो मीटर खोलीपर्यंत. पाण्याबरोबर वाहत येणारे सूक्ष्म जीव आणि सेंद्रिय कण हेच त्याचं अन्न. लाल फांदीवर पांढऱ्याशुभ्र इवल्या चांदण्या उमललेल्या दिसतात, प्रत्येकीला आठ पाकळ्या. त्या पाकळ्या म्हणजे शुंडक, अन्न पकडणारे इवले हात, आणि प्रत्येक चांदणी म्हणजे एक प्राणी. एका फांदीवरचे असे सगळे प्राणी मिळून एक वसाहत.

हे पटायला युरोपातल्या विद्वानांना बराच वेळ लागला. 1706 साली मार्सिली या इटालियन अभ्यासकाने समुद्राच्या पाण्यात ठेवलेल्या पोवळ्याच्या फांदीवर ही ‘फुलं’ उमलताना पाहिली आणि पोवळं ही वनस्पतीच, असा समज पक्का झाला. पुढे 1720च्या दशकात मार्सेयच्या पेसोनेल नावाच्या डॉक्टरने तीच फुलं पुन्हा पुन्हा पाहिली. हात लावला की मिटतात, सोडलं की उघडतात. फुलं कसली, हे किडे आहेत, असं त्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीला कळवलं. तिथले थोर निसर्गशास्त्रज्ञ रेओम्यूर यांनी ही कल्पना अकादमीपुढे मांडली, पण पेसोनेलचं नाव सांगितलं नाही. बिचाऱ्याचं हसं होऊ नये म्हणून! पेसोनेल बरोबर होता, हे रेओम्यूरना पुढे मान्य करावं लागलं.

हे प्राणी पाण्यातून कॅल्शियम घेतात आणि स्वतःच्या आधारासाठी मिळून एक दगडी कणा बांधतात. आपण ज्याला पोवळं म्हणतो तो हा कणा. त्यात थोडं मॅग्नेशियम असतं, थोडे सेंद्रिय पदार्थ असतात, आणि लाल रंग त्या सेंद्रिय भागातून येतो. गाजराला केशरी करणाऱ्या रंगद्रव्याच्या दूरच्या नात्यातले हे रेणू, कार्बनच्या लांब साखळ्यांचे. ज्योतिषी पोवळं मंगळाचं रत्न म्हणून देतात, दोघांचा रंग सारखा म्हणून. मंगळाचा तांबडेपणा लोखंडाच्या गंजाचा आहे, पोवळ्याचा नाही. पत्रिकेबद्दल मला काही म्हणायचं नाही, रसायनाच्या बाजूने मात्र हे स्थळ जुळत नाही.

बांधकामाचा वेग ऐकला की मण्याकडे बघण्याची नजर बदलते. फांदीच्या बुंध्याचा आडवा पातळ काप काढून त्यातला सेंद्रिय भाग रंगवला, की झाडाच्या खोडासारखी वर्षाची कडी दिसतात. ती मोजून आणि वर्षानुवर्षं त्याच वसाहती पुन्हा पुन्हा मापून निघालेलं उत्तर असं, की बुंध्याची जाडी वर्षाला साधारण पाव ते एक तृतीयांश मिलिमीटरने वाढते. वर्षाला! आठ मिलिमीटरचा गोल मणी कातायचा तर फांदी नऊ-दहा मिलिमीटर जाड हवी. म्हणजे तीस वर्षं, कधी चाळीस. मावशीच्या पोचीत बावीस मणी आहेत.

इतक्या हळू वाढणाऱ्या जिवाला माणसाने शतकानुशतकं कसं ओरबाडलं, तर लाकडाचा जड क्रूस आणि त्याला लटकवलेली जाळी घेऊन. सेंट अँड्र्यूचा क्रूस म्हणत त्याला. तो तळावरून फरफटत नेला, की पोवळं तुटून जाळ्यात अडके, आणि हाती यायचं त्याहून जास्त तळाशीच मोडून पडे. युरोपीय संघाने 1994 साली या साधनावर बंदी घातली. आता पाणबुडे एकेक फांदी हाताने काढतात, आणि भूमध्य समुद्रासाठीच्या नियमांप्रमाणे पन्नास मीटरपेक्षा उथळ पाण्यातली किंवा बुंध्याशी सात मिलिमीटरहून बारीक फांदी काढायची नाही. त्यात 1999 आणि 2003 च्या उन्हाळ्यांत पाणी तापलं आणि उथळ भागातल्या कितीतरी वसाहती मेल्या. समुद्रात मुरणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे पाण्याची आम्लताही वाढते आहे. लोणच्याची गोष्ट तीच, फक्त फार संथ.

आपल्याकडे हे पोवळं आलं कसं? फार जुन्या वाटेने. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशी-मार्गदर्शिकेत भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाच्या यादीत दारू, तांबं, कथील यांच्या शेजारी पोवळं आहे. त्याच शतकातला रोमन लेखक प्लिनी म्हणतो, आपल्याला हिंदुस्थानातल्या मोत्यांचं जितकं अप्रूप, तितकंच तिथल्या लोकांना आपल्या पोवळ्याचं. अठराव्या शतकात तर हा व्यवहार गोव्यात रंगला. इटलीतल्या लिव्होर्नो बंदरातले ज्यू व्यापारी लिस्बनमार्गे पोवळी पाठवत, गोव्यातले सारस्वत व्यापारी ती घेत आणि बदल्यात हिरे पाठवत. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, समोरासमोर भेट बहुधा कधीच नाही, आणि सगळा भरवसा पोर्तुगीज भाषेतल्या पत्रांवर. बाळाच्या मनगट्यांत काळ्या मण्यांबरोबर ओवलेल्या त्या एवढ्याशा लाल मण्यामागे ही सगळी वाट आहे. आजही नेपल्सजवळचं, व्हेसुव्हियसच्या पायथ्याचं तोर्रे देल ग्रेको हे गाव पोवळ्याच्या कारागिरीचं माहेरघर मानलं जातं.

आता मुद्द्याचं. पोवळं घालायला मनगट ही सगळ्यात वाईट जागा आहे. गळ्यातली माळ कपड्यांवर निवांत पडून असते, कानातली कुड्यांची जोडी तर हवेतच. मनगट मात्र पीठ मळतं, भांडी घासतं, टेबलावर आपटतं, सॅनिटायझर आणि अत्तर झेलतं. घामही किंचित आम्लधर्मी असतो, लिंबाइतका नाही, पण लिंबू वर्षातून चार वेळा आणि घाम रोज. पोवळ्याची कठीणता मोहस् मापावर साडेतीनच्या आसपास, आणि घरातल्या धुळीत असते ती वाळू, म्हणजे क्वार्ट्झ, सातवर. त्यामुळे धूळ बसलेला मणी कोरड्या फडक्याने खसखसून पुसणं म्हणजे त्याला पॉलिशपेपर लावणं. आधी ओल्या मऊ कापडाने धूळ टिपून घ्यायची, मग कोरड्याने हलक्या हाताने पुसायचं. टूथपेस्टमध्ये घासणारे कण असतातच, तेव्हा मावशीने काय केलं ते आता कळलं असेल. खायचा सोडा, व्हिनेगर, ब्लीच, सोनाराकडचं अल्ट्रासोनिक यंत्र, गरम वाफ, यांतलं काहीही नको. रोज रात्री काढताना ओलं फडकं फिरवलं की झालं.

ठेवायचं कुठे, हा प्रश्न मला जास्त आवडतो, कारण त्याला एक शंभर वर्षांहून जुनी चूक चिकटलेली आहे. संग्रहालयांतल्या लाकडी खणांमध्ये जपून ठेवलेले शिंपले काही वर्षांनी पांढऱ्या भुकटीने माखायचे. 1899 साली बाइन नावाच्या इंग्रज संग्राहकाने याला जंतू जबाबदार असल्याचं मानलं आणि ‘बाइनचा रोग’ हे नाव कायमचं चिकटलं. रोगजंतू काही सापडले नाहीत. गुन्हेगार निघाला तो खणच! ओकसारख्या लाकडातून अॅसिटिक आणि फॉर्मिक आम्लाची वाफ हळूहळू सुटते, बंद जागेत साठते, आणि दमट हवेत शिंपल्याला, पोवळ्यालाही, खाऊ लागते. आपल्याकडची प्लायवूडची कपाटं आणि कोकणातला पावसाळा यांची जोडी लक्षात घेतली तर चंदनी पेटीपेक्षा स्टीलचा डबा बरा. सुती कापडात गुंडाळायचं, आणि हिऱ्याच्या किंवा खड्यांच्या दागिन्यांशी घासू द्यायचं नाही.

खरेदीतही थोडी सावधगिरी हवी. बाजारात बांबू कोरल नावाचा पांढरट प्रवाळ लाल रंगवून सर्रास पोवळं म्हणून विकतात. काच आणि प्लॅस्टिक तर आहेच. अस्सल पोवळ्यावर भिंगातून फांदीच्या लांबीने जाणाऱ्या अतिशय बारीक समांतर रेघा दिसतात. बांबू कोरलवर त्या ठसठशीत असतात आणि त्यांच्यात रंग गोळा झालेला दिसतो. लिंबू टाकून फसफसतंय का बघा, असा सल्ला अजून दिला जातो. तो मानू नका, कारण बांबू कोरलही कार्बोनेटच असल्याने तेही फसफसेल आणि तुमचा मणी जाईल तो जाईलच. रत्नप्रयोगशाळेत रामन वर्णपटावरून, म्हणजे मण्यावर लेसर टाकून परतणाऱ्या प्रकाशावरून, रंग नैसर्गिक की बाहेरून चढवलेला हे मण्याला ओरखडा न पाडता कळतं.

एक कायद्याची गोष्ट. अंदमान, लक्षद्वीप किंवा मालवणच्या पाण्यातलं प्रवाळ आठवण म्हणून उचलून आणणं आपल्याकडे गुन्हा आहे. समुद्रात प्रवाळभिंती बांधणारे प्रवाळ, काळं पोवळं, समुद्रपंखे हे सगळे 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे वाघाच्या पंगतीत आहेत.

मावशीची पोची शेवटी एका जुन्या कारागिराकडे नेली. त्याने खराब मणी पुन्हा घासून चकाकी आणली आणि पटवेकऱ्याकडून सगळी पोची नव्या रेशमात, प्रत्येक मण्यामागे गाठ देऊन गाठवून घेतली, म्हणजे दोरा तुटला तरी एकच मणी घरंगळेल. घासलेले मणी बाकीच्यांहून किंचित लहान झालेत. साधारण पाव मिलिमीटर, मी व्हर्नियर कॅलिपरने मोजलं. म्हणजे एका वसाहतीचं वर्षभराचं काम एका बरणीभर लोणच्यात गेलं, असं मी मावशीला म्हणालो. तिने पोची हातात चढवली, मनगट उजेडात फिरवून पाहिलं, आणि काढायची काही ती तयार होईना. तेव्हापासून त्यांच्या घरी लिंबं काका पिळतात.