डेमरेज आणि डिटेन्शन: कंटेनर अडकला तर कुठलं बिल कुणाचं?

न्हावा शेवा बंदरात माल अडकला की आयातदाराकडे दोन बिलं येतात आणि बहुतेक जण दोन्हींना सरसकट ‘डेमरेज’ म्हणतात. मग सवलतीचा अर्ज नको त्या दारात जातो आणि पैसे निष्कारण भरले जातात.

डेमरेज हे जागेचं भाडं. सीएफएसच्या (बंदराबाहेर कंटेनर ठेवण्याचं आवार) बिलावर ते बहुधा ‘ग्राउंड रेंट’ म्हणून दिसतं. भरलेला कंटेनर आवाराबाहेर पडला की ते थांबतं. डिटेन्शन हे डब्याचं भाडं, ते शिपिंग लाइन घेते. माल तुमच्या गोदामात उतरला तरी रिकामा कंटेनर लाइनच्या यार्डात जमा होईपर्यंत हा मीटर चालूच राहतो. (काही लाइन बंदरातल्या भरल्या कंटेनरच्या आकारालाही डेमरेज म्हणतात, म्हणून आधी बिल कुणी काढलंय ते बघा.)

उशीर कशाने झाला, यावर उपाय ठरतो. बिल ऑफ एंट्रीवर, म्हणजे कस्टम्सकडे भरलेल्या आयातीच्या विवरणावर, क्वेरी आली असेल, तर फेसलेस असेसमेंटमुळे (समोरासमोर न येता होणारी ऑनलाइन तपासणी) अधिकारी दुसऱ्याच शहरात बसलेला असू शकतो. सीएचएला (कस्टम्सचं काम बघणारा एजंट) उरणला पळवण्यापेक्षा कॅटलॉग, करार, बँकेचे कागद ई-संचित या कस्टम्सच्या ऑनलाइन सोयीवर चढवून त्याच दिवशी उत्तर द्या. वजन किंवा कंटेनर नंबर मॅनिफेस्टशी (जहाजावरच्या मालाची लाइनने दिलेली यादी) जुळत नसेल, तर दुरुस्ती लाइनकडूनच होते. सगळा पाठपुरावा तिथे.

बदामाचा कंटेनर घ्या. एफएसएसएआयने (अन्नसुरक्षा प्राधिकरण) घेतलेला नमुना प्रयोगशाळेत आहे, अहवाल येईना. इथे सीमाशुल्क कायद्याचं कलम 49 कामी येतं. सहायक किंवा उपायुक्तांच्या परवानगीने माल 30 दिवसांपर्यंत सार्वजनिक बॉण्डेड (कस्टम्सच्या परवान्याच्या) गोदामात ठेवता येतो. डबा रिकामा करून परत केला की डिटेन्शन थांबतं. गोदामाचं भाडं पडतं, पण लाइनचे दर दिवसागणिक चढत जातात, म्हणून हा हिशेब पहिल्याच आठवड्यात मांडावा. लहान आयातदारांना ही वाट कुणी सांगतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

माल कस्टम्सनेच अडवून ठेवला असेल तर? 2009 च्या नियमांनुसार अशा मालावर सीएफएसने भाडं घ्यायचं नाही. लाइनसाठी 2018 चे वेगळे नियम आहेत: तपासणीसाठी अडवलेल्या मालाच्या नोंदी बरोबर निघाल्या, तर डिटेन्शन मागता येत नाही, मात्र ही सूट 60 दिवसांपुरतीच. दोन्हींसाठी कस्टम्सकडून तारखांसह लेखी प्रमाणपत्र घ्या आणि सीएफएस व लाइन, दोघांकडे वेगवेगळे अर्ज करा. तुमचे कागद अपुरे होते म्हणून गेलेले दिवस यात धरले जाणार नाहीत.