इको मोडवर तीन तास चालणारी मशीन वीज कमी कशी खाते?

फ्रंट लोड वॉशिंग मशीन नवी घरात आली की एक काळजी हमखास ऐकू येते. "इको लावलं की तीन-तीन तास चालते हो, लाइट बिल किती येईल?" मग शेजारीपाजारी सल्ला देतात, क्विकवर लावा, अर्ध्या तासात मोकळे. काळजी रास्त आहे, पण हिशेब नेमका उलटा आहे.

मशीनमध्ये वीज खाणाऱ्या मुख्य गोष्टी दोन, मोटर आणि हीटर. धुताना ड्रम फिरतो, थांबतो, उलटा फिरतो. या कामाला मोटर साधारण शंभर-दीडशे वॅट घेते आणि तीही सलग नाही. हीटर मात्र दोन हजार वॅटच्या आसपास असतो. म्हणजे हीटर एक मिनिट चालला, तर तेवढ्या विजेत मोटर पंधरा-वीस मिनिटं चालू शकते.

एक लीटर पाणी एका अंशाने तापवायला सुमारे 4.2 किलोज्यूल ऊर्जा लागते. पाण्याइतकी उष्णता मागणारे पदार्थ फार थोडे. धुण्याच्या टप्प्यात पंधरा लीटर पाणी घेतलं असं धरू. डिसेंबरात सकाळी नळाचं पाणी 18 अंशांवर असेल, तर ते 60 अंशांवर न्यायला पाऊण युनिटच्या जवळपास वीज लागते. तेच 40 अंशांवर थांबवलं तर जेमतेम 0.4 युनिट. बिल ठरतं ते घड्याळावर नाही, थर्मामीटरवर.

मग कमी तापलेल्या पाण्यात कपडे निघतात कसे? जर्मनीतल्या हेंकेल कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ हर्बर्ट सिनर यांनी 1959 साली याची मांडणी केली. धुलाई चार गोष्टींवर उभी असते: रसायन, तापमान, घासणं-आपटणं आणि वेळ. एक कमी केली की दुसरी वाढवावी लागते. इको प्रोग्राम तापमान कमी करतो आणि त्याची भरपाई वेळेने करतो. युरोपात मार्च 2021 पासून मशीनचं ऊर्जा लेबल 'इको 40-60' या प्रोग्रामवरच (40 किंवा 60 अंशांवर धुवायचे सुती कपडे एकत्र धुणारा) मोजलं जातं आणि तो चांगला तीन तासांहून जास्त चालू शकतो.

या वाढीव वेळात काम करतात ती डिटर्जंटमधली एन्झाइम. प्रोटिएज दूध, रक्त, घाम यांतली प्रथिनं तोडतं, अमायलेज भाताची खळ, लायपेज तेल. ती कोमट पाण्यात उत्तम चालतात, पण त्यांना घाई चालत नाही. पाणी फार तापलं तर बरीचशी निकामी होतात.

आपल्याकडचा डाग घ्या. तर्री पोह्यांची तर्री पांढऱ्या सदऱ्यावर सांडली की तिथे तेल असतं, तेलात विरघळलेला कर्क्युमिन, म्हणजे हळदीचा पिवळा रंग असतो आणि तिखटाचा रंग असतो. डिटर्जंट अल्कधर्मी असल्यामुळे पाण्यात टाकताच तो पिवळा डाग लालभडक होतो. बरेच जण इथेच घाबरून सगळ्यात गरम प्रोग्राम लावतात. घाबरायचं कारण नाही. ती लाली कर्क्युमिनचीच आहे, नीट खळबळलं की डाग पुन्हा पिवळा होतो. तेल सुटायला कोमट पाणी, डिटर्जंट आणि भरपूर वेळ पुरतो. उरलेला पिवळेपणा उन्हात वाळत घातल्यावर फिका पडत जातो, कारण प्रकाशात कर्क्युमिनचा रेणू तुटतो. ऊन तर नागपूरला कुणाकडे मागायला जावं लागत नाही.

या उन्हाचा दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो. पेंच-कन्हानचं पाणी गच्चीवरच्या टाकीत चढतं आणि मे महिन्याच्या दुपारी, नवतपात तर विचारूच नका, नळ सोडला की हाताला चटका बसतो. मशीनमध्ये तापमान मोजणारा सेन्सर असतो. आत आलेलं पाणी आधीच 40 अंशांवर असेल, तर 40च्या प्रोग्राममध्ये हीटरला फारसं कामच उरत नाही. तेव्हा उन्हाळ्यात मशीन दुपारी लावा. (रक्ताचे डाग तेवढे सकाळच्या गार पाण्यात काढा, गरम पाण्याने ते पक्के बसतात.) कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांत कोळसा जळतो, त्यातल्या उष्णतेचा निम्म्याहून कमी भाग विजेत उतरतो आणि त्या विजेने आपण पुन्हा पाणीच तापवायचं, तेही वर टाकी तापलेली असताना. हे मला बघवत नाही.

क्विक प्रोग्राम वाईट नाही. दोन-चार घामट टी-शर्ट असतील तर गार पाण्यात अर्धा तास पुरेसा आहे, वीजही कमी लागते. पण तो थोड्याच कपड्यांसाठी असतो. आठवड्याचं धुणं त्यात कोंबलं तर मळ तसाच राहतो, दुसऱ्यांदा धुवावं लागतं आणि दुप्पट पाणी जातं. ज्या टॉप लोड आणि सेमी ऑटोमॅटिक मशीनमध्ये हीटर नसतो, तिथे विजेचा प्रश्न छोटाच. तिथे जपायचं ते पाणी.

बोअरचं पाणी वापरणाऱ्यांनी आणखी एक बघावं. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डिटर्जंटचा जोर खातं आणि हीटरवर पांढरा थर धरतं. पाणी जितकं जास्त तापवाल तितका तो थर लवकर जमतो, म्हणजे कमी तापमानाने हीटरही जास्त टिकतो.

साठ अंश लागतात ते मोजक्या वेळी: घरात कुणी आजारी असेल तेव्हाच्या चादरी, तान्ह्या बाळाचे लंगोट, तळघरासारखा वास येऊ लागलेले टॉवेल. शिवाय सतत गार पाण्यात धुतलं की ड्रमच्या मागे आणि दाराच्या रबरात बुळबुळीत थर साचतो. त्यासाठी महिन्यातून एकदा मशीन रिकामी, गरम पाण्यावर चालवा आणि नंतर दार उघडं ठेवा.