आयक्यू आणि गावचे पोट्टे

"आयक्यू जन्मतःच ठरतो, तो बदलत नाही, म्हणून गावची मुलं मागं राहतात." दहावीचा निकाल लागला की हा मेसेज आमच्या गावच्या ग्रुपवर फिरतोच.

आयक्यू म्हणजे बुद्ध्यांक. तो उंचीसारखा टेप लावून मोजता येत नाही. कोड्यांच्या चाचणीतल्या गुणांची त्याच वयाच्या इतरांशी तुलना करून काढलेला तो आकडा. सरासरी 100 धरतात. विसाव्या शतकात अनेक देशांत सरासरी गुण दर दहा वर्षांत सुमारे 3 ने वाढले, म्हणून चाचण्या पुन्हा पुन्हा जुळवून घ्याव्या लागल्या. इतक्या लवकर रक्त बदलत नाही. शाळा, आहार, सवयी बदलतात.

आनुवंशिकतेचा वाटा आहेच. पण एकाच पाकिटातली सरकी काळ्या कसदार वावरात आणि बरडावर टोबून पाहा. एका वावरातल्या दोन पऱ्हाट्यांमधला फरक बियाण्याचा असू शकतो; दोन वावरांमधला फरक मुख्यतः जमिनीचा. गावची आणि शहरची मुलं म्हणजे अशीच दोन वावरं.

पडताळायचंय? मुलाची एकदा चाचणी घ्या, त्याला तशाच कोड्यांचा महिनाभर सराव द्या, मग पुन्हा चाचणी घ्या. गुण बहुधा वाढतील. बुद्धी वाढली असं नाही. पहिल्या आकड्यात नवखेपणाही मोजला गेला होता, एवढं कळेल.