मॉडेल विमानाच्या पोटातली जागा

विजेवर उडणाऱ्या मॉडेल विमानाचं झाकण उघडलं की नाकात मोटर, तिच्यामागे तिचा वेग सांभाळणारा ईएससी (इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर), मग पट्ट्यानं आवळलेली बॅटरी आणि पंखाखाली रेडिओचे संदेश पकडणारा रिसीव्हर दिसतो. ही मांडणी नीटनेटकी दिसावी म्हणून आलेली नाही. बॅटरीचं वजन आणि मोटरच्या खोडी यांनी ती घडवली आहे.

30 जून 1957 रोजी इंग्लंडमध्ये कर्नल टॅपलिन यांनी ‘रेडिओ क्वीन’ हे रेडिओ नियंत्रित मॉडेल चांदी-जस्ताच्या बॅटरीवर उडवलं. पुढे निकेल-कॅडमियम आली. 1.2 व्होल्टचे सात सेल जोडले की 8.4 व्होल्ट मिळत आणि वजन 400 ग्रॅमच्या घरात जाई. एवढं ओझं गुरुत्वमध्याजवळच ठेवावं लागे. बाकी सगळं उरलेल्या जागेत. त्यात ब्रशवाल्या मोटरच्या ठिणग्या रेडिओत खरखर करत. म्हणून मोटरच्या डब्यावर 0.1 मायक्रोफॅरडचे कपॅसिटर सोल्डर करायचे, ईएससी मोटरलगत बसवायचा, रिसीव्हर लांब मागे, आणि मीटरभर लांबीची अँटेनाची तार पॉवरच्या वायरींपासून दूर शेपटाकडे न्यायची. वायरींचा गुंता झाला, तर विमान हाताबाहेर जाण्याची भीती खरी होती.

2000 नंतर चित्र पालटलं. हौशी लोकांनी सीडी ड्राइव्हच्या मोटरी नव्यानं गुंडाळून बाहेरचं कवच फिरणाऱ्या ‘आउटरनर’ मोटरी बनवल्या, लिथियम-पॉलिमर (लिपो) बॅटरी आली. तीन सेल, 11.1 व्होल्ट, 2200 एमएएच (मिलिअँपिअर-तास) क्षमता, आणि वजन 200 ग्रॅमच्या आसपास! बॅटरी आता पुढे सरकली, जिथे इंजिनच्या विमानात इंधनाची टाकी असे, तिथे. पण लिपोला धातूचं कवच नाही. आत वर आलेलं स्क्रूचं टोकही तिला भोसकू शकतं, म्हणून ट्रे गुळगुळीत घासून घ्यावा लागतो.

ईएससी मोटरलगत ठेवण्याची जुनी सवय मात्र उलटी करावी लागली, आणि इथे अजूनही अनेकजण चुकतात. वायर कमी पडली तर मोटरकडची वाढवावी, बॅटरीकडची नाही. ईएससी सेकंदाला हजारो वेळा प्रवाह चालू-बंद करतो. बॅटरीची वायर लांबली की प्रत्येक झटक्याला व्होल्टेज उसळतं आणि ईएससीच्या तोंडाशी असलेले कपॅसिटर तापून निकामी होतात.

हवेचंही तसंच. इंजिनच्या काळात तेल मुरू नये म्हणून पोट बंद ठेवत. आता ईएससी आणि बॅटरी थंड राहण्यासाठी नाकाजवळ भोक पाडतात, आणि हवा बाहेर जाण्याचं भोक त्याच्या साधारण दुप्पट ठेवतात. 2.4 गिगाहर्ट्‌झचे रेडिओ आल्यावर लांब अँटेनाची कटकटही संपली.

माझ्या पहिल्या लिपोच्या विमानात बॅटरीखाली फक्त वेल्क्रो होतं. उभ्या चढाईत ती मागे घसरली, शेपूट जड झालं आणि विमान शेतात आपटलं. आता मी ट्रेला दोन खाचा पाडून पट्टा आरपार ओवतो, आणि बॅटरीच्या पाठीशी बाल्साच्या हलक्या लाकडाचा आडवा ठोकळा चिकटवतो.