स्टिअरिंग सर्व्हो (रेडिओ-नियंत्रित ट्रक)

रेडिओ-नियंत्रित वाहनाची पुढची चाके हव्या त्या कोनात वळवून त्याच कोनात धरून ठेवणारे छोटे विद्युत् यंत्र म्हणजे स्टिअरिंग सर्व्हो होय. चालकाच्या हातातील ट्रान्समीटरचे चाक ज्या प्रमाणात फिरते, त्या प्रमाणात सर्व्होचा दंड फिरतो आणि त्यावर बसवलेला हॉर्न (लहान भुजा) सळयांमार्फत चाके वळवतो. प्रस्तुत नोंदीत १:१० प्रमाणातील, साधारण २ ते ३.५ किग्रॅ. वजनाच्या विजेवर चालणाऱ्या ट्रकसाठी बेताच्या खर्चात सर्व्हो निवडताना कोणत्या बाबी निर्णायक ठरतात, याचा विचार मराठवाड्यातील जमीन व हवामान डोळ्यांसमोर ठेवून केला आहे.

सुकाणू वळवणे हेच या यंत्रणेचे ऐतिहासिकदृष्ट्याही पहिले काम दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वाफेची जहाजे इतकी मोठी झाली, की त्यांचे सुकाणू केवळ माणसांच्या बळावर वळवणे अवघड होऊन बसले. अमेरिकेत फ्रेडरिक सिकल्स यांनी १८५० च्या दशकात वाफेच्या बळाने सुकाणू फिरवण्याची योजना मांडली होती. मात्र सुकाणू प्रत्यक्षात किती वळले हे यंत्राला परत कळवून, इच्छित जागा येताच वाफ आपोआप बंद करणारी रचना ब्रिटनमधील जे. मॅक्फार्लेन ग्रे यांच्या १८६६ च्या पेटंटमध्ये अधिक निःसंदिग्धपणे आढळते, आणि ती ‘ग्रेट ईस्टर्न’ या प्रचंड जहाजावर बसवली गेली. फ्रान्समध्ये जोसेफ फार्को यांनी याच तत्त्वावर काम करून १८७३ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. ‘सर्व्हो’ ही संज्ञा त्यांच्याकडूनच रूढ झाली असे मानतात. अग्रक्रम कोणाला द्यावा याविषयी मतभेद आहेत. प्रत्यक्ष वापराचे श्रेय ग्रे यांना आणि तत्त्वाच्या व्यवस्थित मांडणीचे श्रेय फार्को यांना देणारी विभागणी अधिक ग्राह्य वाटते. सर्व्होयंत्रणेची गणिती उपपत्ती मात्र बरीच उशिरा, १९३४ मध्ये, हॅरल्ड हेझन यांनी अमेरिकेत मांडली.

रेडिओलहरींनी सुकाणू हलवण्याचा प्रयोग निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये लहान बोटीवर केला. त्यानंतर अनेक दशके हौशी प्रतिकृतींमध्ये पिळलेल्या रबरबँडवर चालणारा एस्केपमेंट (टप्प्याटप्प्याने सुटणारी खटक्याची यंत्रणा) वापरला जाई. त्याला पूर्ण डावे, मध्य आणि पूर्ण उजवे यांपलीकडे काही कळत नसे. हाताच्या हालचालीच्या प्रमाणात वळण देणारी आजची अंकीय पद्धत १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस अमेरिकेत आकाराला आली. तिचे श्रेय बहुधा डग स्प्रेंग आणि डॉन मॅथर्स यांना दिले जाते, परंतु त्याच सुमारास इतरही तशा खटपटीत होते आणि एकच जनक ठरवणे कठीण आहे. मोटारींच्या प्रतिकृतींपुरते बोलायचे, तर इटलीतील रेज्जो एमिलिया येथील एल्जी या संस्थेने १९६६ च्या सुमारास विक्रीस आणलेली फेरारी ही आरंभीच्या उदाहरणांपैकी एक समजली जाते. जपानच्या तामियाने १९७६ मध्ये पोर्शे ९३४ आणल्यावर हा छंद जगभर पसरला.

सर्व्होच्या पेटीत चार गोष्टी असतात : लहान विद्युत् मोटर, तिची गती कमी करून जोर वाढवणारी दंतचक्रांची माळ, दंडाला जोडलेला पोटेन्शिओमीटर आणि नियंत्रक मंडल. गाडीतील रिसीव्हरकडून (ट्रान्समीटरचा संदेश घेणाऱ्या मंडलाकडून) सुमारे दर २० मिलिसेकंदांनी एक स्पंद येतो. स्पंदाची लांबी १.५ मिलिसेकंद असली की दंड मध्यावर राहतो, १ आणि २ मिलिसेकंदांच्या बाजूंना तो दोन टोकांकडे वळतो. पोटेन्शिओमीटर दंडाची खरी जागा सांगतो आणि मंडल दोहोंतील फरक शून्य होईपर्यंत मोटर चालवते. ॲनालॉग सर्व्होत मोटरला दर सेकंदाला साधारण ५० वेळाच वीज मिळते. डिजिटल प्रकारात हे प्रमाण काहीशेंवर जाते, त्यामुळे चाक घट्ट धरले जाते, पण वीज अधिक लागते आणि थांबलेल्या स्थितीतही बारीक गुंजन ऐकू येते. ते बिघाडाचे लक्षण नव्हे.

निवडीतील बहुतेक गोंधळ टॉर्कच्या, म्हणजे दंड फिरवण्याच्या जोराच्या, आकड्याभोवती असतो. हा आकडा किलोग्रॅम-सेंटिमीटरमध्ये देतात आणि बाजारात त्यालाच ‘पंधरा केजीचा’, ‘वीस केजीचा’ सर्व्हो म्हणतात. दंडाच्या केंद्रापासून १ सेंमी. अंतरावर किती किलो भार लावला असता सर्व्हो जागीच अडेल, हे त्यातून कळते. म्हणजे हा अडण्याच्या क्षणाचा आकडा आहे, काम करण्याचा नव्हे; सतत वापरासाठी त्याचा तिसरा हिस्सा ते निम्मा भाग हिशेबात धरणे सुरक्षित असते. शिवाय तो ठरावीक व्होल्टेजला मोजलेला असतो आणि टॉर्क स्थूलमानाने व्होल्टेजच्या प्रमाणात बदलतो. ७.४ व्होल्टला २० देणारा सर्व्हो ५ व्होल्टवर चालवला, तर त्याच्याकडून १३.५ च्या आसपासच अपेक्षा ठेवता येते. वेष्टनावर मोठा आकडा ठळक आणि व्होल्टेज बारीक अक्षरात, किंवा अजिबात नाही, असा प्रकार स्वस्त मालात नित्याचा असल्याने व्होल्टेजविना छापलेल्या टॉर्कला किंमत देऊ नये.

गरज किती, याचा अंदाज साध्या हिशेबाने काढता येतो. ३ किग्रॅ.च्या ट्रकच्या पुढच्या चाकांवर सुमारे १.५ किग्रॅ. भार येतो. घर्षणाचा गुणांक ०.८ आणि टायर जमिनीवर घासतो ते परिणामी अंतर २ सेंमी. धरले, तर उभ्या गाडीची चाके वळवण्यास साधारण २.४ किग्रॅ.सेंमी. इतका टॉर्क लागतो. सळया, बुशिंग आणि सांध्यांतील घर्षण धरून हा आकडा दुप्पट करावा लागतो. गाडी चालू असताना गरज बरीच घटते. फुताबा या कंपनीचा एस-३००३ हा दीर्घकाळ प्रमाण मानला गेलेला सर्व्हो ४.८ व्होल्टला ३.२ आणि ६ व्होल्टला ४.१ इतका टॉर्क देतो. हलक्या रस्त्यावरच्या मोटारींना तो पुरत असे, रुंद टायरच्या ट्रकला तो अपुरा का वाटतो हे वरील हिशेबावरून कळते. चाक ढेकळांत किंवा दगडांच्या बेचक्यात अडकले की गरज दुपटी-तिपटीने वाढते. त्यामुळे सर्वसाधारण ट्रकसाठी ६ व्होल्टवरचा खरा १० ते १५ किग्रॅ.सेंमी. टॉर्क पुरेसा ठरतो, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे. खडकांवर अतिशय सावकाश चढणारे क्रॉलर याला अपवाद असून त्यांना २० किंवा त्याहून अधिक लागतो.

विकत घेतलेला सर्व्हो दिल्या आकड्याला जागतो की नाही, हे घरच्या घरी तपासता येते. सर्व्हो लाकडी पट्टीवर घट्ट बसवून हॉर्नच्या २ सेंमी. अंतरावरील छिद्रात स्प्रिंगचा वजनकाटा अडकवावा आणि दंडाला काटकोनात ओढू द्यावे. काटा ५ किलो दाखवत असेल, तर टॉर्क १० किग्रॅ.सेंमी. समजावा. ही चाचणी क्षणभराचीच असावी, कारण अडलेली मोटर लगेच तापते.

वेगाचा आकडा दंडाला ६०° फिरण्यास लागणाऱ्या सेकंदांत देतात. हौसेच्या ट्रकला ०.१५ ते ०.२० सेकंद चालतात. शर्यतीच्या गाड्यांसाठी असलेला ०.१० च्या खालचा वेग खर्च वाढवतो.

वीजपुरवठा हा टॉर्कइतकाच महत्त्वाचा असूनही खरेदीच्या वेळी हमखास विसरला जाणारा भाग आहे. सर्व्होला वीज बहुधा वेगनियंत्रकातील, बॅटरीचे व्होल्टेज उतरवून देणाऱ्या बीईसी नावाच्या मंडलाकडून रिसीव्हरमार्फत मिळते, आणि स्वस्त वेगनियंत्रकांत ते ५ किंवा ६ व्होल्टला २ ते ३ अँपिअरपुरते मर्यादित असते. एमजी-९९६आर या धातूच्या दंतचक्रांच्या सर्व्होचा अडल्या स्थितीतील प्रवाह ६ व्होल्टला सुमारे २.५ अँपिअर सांगितला जातो. त्याहून ताकदवान सर्व्होंचा आणखी जास्त असतो. मागणी पुरवठ्याबाहेर गेली की व्होल्टेज कोसळते, रिसीव्हर क्षणभर बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि ऐन वळणावर ट्रक ताब्याबाहेर जातो. दोष रेडिओच्या पल्ल्याचा समजून ट्रान्समीटर बदलले जातात, ते यामुळेच. दुबळ्या बीईसीवर ‘पंचवीस केजीचा’ सर्व्हो लावण्यापेक्षा मध्यम सर्व्हो आणि ५ अँपिअरचा स्वतंत्र बीईसी ही जोडी बहुतेकदा स्वस्त व भरवशाची पडते. पूर्ण चार्ज केलेल्या दोन सेलच्या लिथियम-पॉलिमर बॅटरीचे व्होल्टेज ८.४ असते, ६ व्होल्टच्या सर्व्होला ती थेट जोडल्यास तो जळण्याचा संभव असतो.

दंतचक्रे नायलॉनची, पितळेची, ॲल्युमिनियमची किंवा पोलादाची असतात. मॉन्स्टर ट्रकची (मोठ्या, रुंद चाकांच्या ट्रकची) चाके किंगपिनपासून, म्हणजे ज्या खिळीभोवती चाक वळते तिच्यापासून, बरीच बाहेर असल्याने दगडाचा धक्का मोठ्या तरफेने सर्व्होपर्यंत पोहोचतो : चाकावर ५ किलोचा आघात ३ सेंमी. अंतरावर झाला, तर १५ किग्रॅ.सेंमी.चा झटका उलटा येतो. नायलॉनचे दात अशा वेळी सोलून निघतात. त्यापासून वाचवण्यासाठी सळयांच्या मार्गात स्प्रिंगचा सर्व्हो-सेव्हर बसवलेला असतो. मात्र तो फार मऊ असेल, तर सर्व्होची ताकद स्प्रिंग दाबण्यातच खर्च होते आणि चाके वळतच नाहीत. नवा सर्व्हो घेण्याआधी सेव्हर पाहणे शहाणपणाचे ठरते. धातूच्या दंतचक्रांचा सर्व्हो असला तरी सेव्हर काढून टाकू नये.

मराठवाड्याची जमीन या यंत्राची चांगलीच परीक्षा पाहते. बेसॉल्टच्या झिजेतून बनलेली काळी माती पाण्याने फुगते आणि चिकट होते. पावसाळ्यात ती टायरच्या नक्षीत भरून चाक जड करते आणि सळयांच्या सांध्यांत वाळून बसते. उन्हाळ्यात तीच जमीन भेगाळून कठीण ढेकळांची होते. बालाघाटच्या रांगेतील मुरमाड उतार, गोदावरीकाठची वाळू आणि जायकवाडीचे पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेऱ्याच्या जमिनी यांच्या मागण्या वेगवेगळ्या आहेत. वाळूत टॉर्क कमी लागतो, पण कण पेटीत शिरण्याचा धोका सर्वाधिक असतो. बारीक धूळ पोटेन्शिओमीटरवर पोहोचली की दंड मध्यावर थरथरू लागतो. म्हणून येथे दंडाभोवती रबरी सील आणि झाकणाच्या सांध्यांत गॅस्केट असलेला सर्व्हो थोडे जास्त पैसे देऊनही घ्यावा. जलरोधक म्हणून विकल्या जाणाऱ्या सर्व्होचा खरा लाभ या प्रदेशात धुळीपासून होतो. मे महिन्यात तापमान ४२° से.च्या पुढे जात असल्याने उन्हात सलग चालवलेल्या गाडीचा सर्व्हो मधूनमधून हात लावून पाहावा. ॲल्युमिनियमची मधली पेटी उष्णता बाहेर टाकते. काही स्वस्त सर्व्होंवर तशा दिसणाऱ्या पेटीत केवळ शोभेचे आवरण असते.

स्थानिक बाजारात सहज मिळणारे सर्व्हो छंदापेक्षा अभियांत्रिकी महाविद्यालयांतील रोबोटिक्स प्रकल्पांच्या गरजेतून आलेले आहेत. त्यांत सुमारे ९ ग्रॅमचा एसजी-९० ट्रकच्या कामाचा नाही. सुमारे ५५ ग्रॅमचे एमजी-९९५ आणि एमजी-९९६आर काहीशे रुपयांत मिळतात व तात्पुरती गरज भागवतात, परंतु या क्रमांकांच्या नकला इतक्या आहेत की दोन नगांची कामगिरी सारखी असेल असे गृहीत धरता येत नाही आणि मध्य अचूक न राहण्याची तक्रार सार्वत्रिक आहे. त्यावरच्या पायरीवरील, २० किग्रॅ.सेंमी. टॉर्क सांगणारे डीएस-३२१८ सारखे डिजिटल सर्व्हो बेताच्या खर्चात समाधानकारक मानले जातात. ते घेताना दंडाची फिरण्याची मर्यादा १८० अंशांची आहे की २७० अंशांची, हे विचारून घ्यावे; रोबोटच्या हातासाठी काढलेल्या २७० अंशांच्या प्रकारात तेवढ्याच स्पंदाला दंड अधिक फिरतो आणि स्टिअरिंग फार तीव्र होते.

जुळणीत आकार सहसा आड येत नाही, कारण सुमारे ४० × २० मिमी.ची प्रमाण पेटी बहुतेक १:१० ट्रकमध्ये बसते. दंडावरील दातांची संख्या मात्र पाहावी लागते : फुताबा पद्धतीत २५, हायटेकमध्ये २४ आणि जेआरमध्ये २३ दात असतात, आणि एकाचा हॉर्न दुसऱ्यावर जबरीने ठोकल्यास दात झिजून तो घसरतो. खेळणी-वर्गातील काही ट्रकमध्ये पाच तारांचा सर्व्हो असतो. त्याचे नियंत्रक मंडल पेटीत नसून रिसीव्हरच्या पट्टीवर असते, त्यामुळे तेथे तीन तारांचा नेहमीचा सर्व्हो चालत नाही आणि रिसीव्हर, वेगनियंत्रक व ट्रान्समीटर यांचाही खर्च धरावा लागतो. बसवताना आधी वीज देऊन दंड मध्यावर आणावा, मग हॉर्न सळईशी काटकोनात लावावा आणि ट्रान्समीटरवरील दोन्ही टोकांची मर्यादा चाके अडण्याच्या किंचित अलीकडे ठेवावी. ही मर्यादा न लावल्यास सर्व्हो प्रत्येक पूर्ण वळणावर अडून राहतो आणि कोणत्याही किमतीचा असला तरी लवकर जळतो.